बिनफुलाची शीट

आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात एक वाईट सवय होती. कुठूनतरी झाड आणायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, वर वजन ठेवायचं आणि विसरून जायचं. वर्षभरानं कपाट उघडलं की गठ्ठेच्या गठ्ठे अंगावर! किश्शांचंही तसंच झालंय. तेव्हा कुणी नोंद ठेवली नाही, आणि आता विभागाला कुलूप लागल्यावर एकेक बाहेर पडतोय. वाळलेला, पण ओळखू येईल असा. मैत्रिणी म्हणतात, 'लिहून काढ, हसायला तरी होईल.' हसायला होईल की नाही ते मला सांगता येत नाही. मी आपली सांगते.

धुळ्याला देवपुरात आमचं कॉलेज. मी तिथंच शिकले आणि तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी एक सुस्कारा सोडावा. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. विभागात बाकी दोनच माणसं महत्त्वाची. विभागप्रमुख बडगुजर सर, आणि प्रयोगशाळेतले परिचर सुकदेव आबा. सर नावं शोधायचे, आबा शीट शिवायचे. वाळलेलं झाड जाड कागदावर सुई-दोऱ्यानं टाचायचं, खाली चिठ्ठी चिकटवायची, झाली हर्बेरियमची, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या संग्रहाची, शीट. आबा आपल्या अहिराणीत म्हणायचे, "माले लॅटिन येत नही, पण सुई येस."

*

सरांचा सगळा जीव किल्लीत. किल्ली म्हणजे अनोळखी झाड ओळखायचं पुस्तक. त्यात प्रश्नांच्या जोड्या असतात. झाड आहे की रोपटं? रोपटं असेल तर अमुक नंबरवर जा. पान साधं की संयुक्त? साधं असेल तर तमुक नंबरवर जा. असं जात जात शेवटी नावापाशी पोचायचं. सरांचा नियम एकच, 'एक नंबरपासून.' झाड ओळखीचं असलं, रोज दारात दिसत असलं, तरी एक नंबरपासूनच!

मी जळगावजवळच्या असोद्याची. घरी केळीची बाग. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझ्यापुढे नेमकं केळीचं पान आणि केळफूल आलं. मी मनात म्हटलं, देव पावला! किल्ली उघडली. एक नंबर: झाड की रोपटं? मी बेधडक लिहिलं, 'झाड'. केळीला झाड नाही तर काय म्हणायचं? आमच्याकडे दहा पिढ्या झाडच म्हणतायत. मग त्या वाटेनं मी जी निघाले ती थेट ताडाच्या कुळात जाऊन पोचले.

सरांनी उत्तरपत्रिका बघितली, चष्मा वर केला.

"असोद्याची ना तू?"

"हो सर."

"वडिलांना विचार, यंदा ताडी किती निघाली."

केळ हे झाड नाही, तिला लाकडाचं खोडच नाही, ते एक मोठं रोपटं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सुट्टीत वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ बागेकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर गवतच राखलं म्हण की!" त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. एक नंबरला चुकलं की माणूस कुठं जाऊन पडतो, हे मी तेव्हापासून विसरले नाही.

*

मुलं सरांना फसवायचा प्रयत्न करणार नाहीत असं कसं होईल? आमच्या वर्गातल्या तिघांनी कण्हेरीची फांदी आणली, तिची फुलं खुडली, आणि त्या जागी तगरीची फुलं डिंकानं इतकी बेमालूम बसवली की आम्हाला सांगूनही दिसेनात. चेहरे गंभीर ठेवून फांदी सरांच्या टेबलावर ठेवली. "सर, पांझरेच्या काठी सापडलं. किल्लीत बसत नाही. नवीन जात असेल का?"

सरांनी भिंग काढलं. किल्ली उघडली. एक नंबर. दोन नंबर. आम्ही श्वास रोखून मागं उभ्या. चांगला अर्धा तास गेला. मग सरांनी भिंग मिटलं.

"नवीन नाही. पान कण्हेरीचं आहे, फूल तगरीचं आहे. एकाच कुळातली आहेत, सोयरीक चांगली जुळवलीत." मग फांदी आबांकडे देत म्हणाले, "फक्त लग्नात डिंक जरा जास्त झाला!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या मागं त्यांची मुलगी रेखा उभी होती, तीही हसली. रेखा माझ्याच वर्गात होती. सांगायचं म्हणजे, ती डिंकाची बाटली तिनंच पुरवली होती!

*

रेखा घरातली पहिली कॉलेजला गेलेली. बारावीनंतर आबा तिचं लग्न करायला निघाले होते. सर त्यांच्या घरी गेले.

"पोर इतलं शिकीसन काय करी, सर?" आबांनी विचारलं.

"नावं शोधेल. आपण म्हातारे झालो की चिठ्ठ्या कोण लिहिणार?"

एवढ्यावर आबा ऐकले. सरांचं बोलणं त्यांनी सहसा मोडलं नाही. मी होस्टेलवर राहायची आणि होस्टेलच्या जेवणाला कंटाळले की रेखाकडे जायची. कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि पुढ्यात किल्ली उघडी. ती जेवतानाही हातातल्या मेथीच्या काडीला प्रश्न विचारायची. "पान संयुक्त, त्रिदल. जा पाचवर." तिची आई कपाळाला हात लावायची.

तिचं अक्षर गोल आणि टपोरं. विभागातल्या चिठ्ठ्या हळूहळू तीच लिहायला लागली. आबा शिवायचे, ती लिहायची, सर सही करायचे. हे मी रोज बघत होते. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नाही.

*

सरांचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक होता. जे समोर नाही ते लिहायचं नाही.

आमच्या सीनियर बॅचला एक बडं प्रस्थ होतं. संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा. त्याला परीक्षेत आलेल्या फांदीला फूल नव्हतं, गळून पडलं असावं. त्यानं पुस्तकात पाठ केलेलं सगळं लिहून काढलं. पाकळ्या पाच, रंग जांभळा, पुंकेसर दहा. नावही अगदी बरोबर!

सरांनी फांदी त्याच्यापुढे धरली. "फूल कुठंय? दाखव."

"सर, नाव तर बरोबर आहे ना?"

"नाव बरोबर आहे. फूल कुठंय?"

त्याला शून्य मिळालं. मग मामांचा फोन आला, प्राचार्यांचा निरोप आला, शून्य काही हललं नाही. सरांची बढती त्यानंतर बरीच वर्षं रखडली. आबा मात्र नंतर दर परीक्षेला फांद्या मांडताना एकेक फूल मोजायचे आणि पुटपुटायचे, "शे रे बाबा, शे." आहे रे बाबा, आहे.

आणखी एकदा तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं, आवारातल्या प्रत्येक झाडाला नावाची पाटी लागली पाहिजे. पाट्या रंगवून आल्या. पाण्याच्या टाकीमागं एक झाड होतं, कुणी लावलं ठाऊक नाही, कधी फुललेलं नाही. सरांनी त्याच्यावर पाटी लावली, 'ओळख बाकी आहे.'

प्राचार्य लाल! "अहो बडगुजर, समितीसमोर अज्ञान टांगता?"

"खोटं टांगू का?"

समिती आली आणि नेमकी त्याच झाडाखाली पाच मिनिटं थांबली. अध्यक्षांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "तुमचा पेंटर नाव लिहायला विसरला वाटतं!"

*

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आमची सहल लळिंगला गेली. धुळ्याहून जवळच आहे, किल्ला आहे, खाली काटेरी कुरण. मे महिन्यात तिथं काय मिळणार? सगळी झाडं सुतळीसारखी. आम्ही सावली शोधत बसलो. रेखा पायथ्याशी एका बाभळीपाशी थांबली होती. बाभळीवर एक वेल चढलेला, सगळीकडे करपलेलं आणि तो एकटा हिरवा.

तिनं फांदी कापून आणली. सर, ती आणि मी, तिघं बसलो. एक नंबरपासून. वेल. काटे नाहीत. पान साधं, मागच्या बाजूनं लव. भराभर पुढं सरकलो आणि एकोणचाळीसवर अडलो. एकोणचाळीसचा प्रश्न फुलाचा. फूल पांढरं आणि लांब देठाचं असेल तर एक नाव, पिवळसर आणि बिनदेठाचं असेल तर दुसरं. सख्खी भावंडंच, बाकी सगळं सारखं. वेलाला फूल नव्हतंच.

"पावसाळ्यात येऊ," सर म्हणाले.

आबांनी शीट शिवली. रेखानं चिठ्ठी लिहिली. गोळा करणारी: रेखा सुकदेव. ठिकाण: लळिंग, पायथा, बाभळीवर. नाव: रिकामं. आणि तळाशी, असं कुणी लिहीत नाही, पण तिनं लिहिलं, 'फूल: श्रावणात घेऊ.'

श्रावणाच्या आधी तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. तीन आठवड्यांत सगळं संपलं. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मला म्हणाली, "लळिंगला जाऊन आले का तुम्ही?" मी म्हटलं, तुझ्याशिवाय कसं जाणार? हे वाक्य मी बोलायला नको होतं असं मला अजून वाटतं. गेलो असतो तर तिला फूल दाखवता आलं असतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आबा कामावर आले. सुई ओवायला बसले, दोरा काही नेढ्यात जाईना. शेवटी सरांनी ओवून दिला.

*

त्यानंतर दर श्रावणात सर, आबा आणि मी लळिंगला जायचो. फूल बघायला. पहिल्या वर्षी बकऱ्यांनी वेल खाल्लेला. दुसऱ्या वर्षी पाऊसच नव्हता. तिसऱ्या वर्षी वेल चांगला वाढला होता, पण फूल नाही. आबा दर वेळी सोबत बरणी आणायचे, फूल ठेवायला. दर वेळी ती रिकामी परत जायची, आणि येताना ते बरणी मांडीवर धरून बसायचे. मला ती बरणी बघवायची नाही.

सरांनी ती फांदी मोठ्या शहरातल्या मोठ्या हर्बेरियमला पाठवून बघितली. दोन ओळींचं उत्तर आलं, फुलाविना निश्चित सांगता येणार नाही. सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

चौथ्या वर्षीची गोष्ट. सर गुडघ्यावर बसून भिंगातून पान बघतायत, मी टेपनं वेलाची लांबी मोजतेय, आबा वहीत लिहितायत. शेजारच्या वावरातून एक म्हातारा धावत आला. धोतर हातात, श्वास फुललेला.

"भाऊ, रस्ता कोठून जाई राहिना?"

"कसला रस्ता? आम्ही वेल बघतोय," सर म्हणाले.

"मोजणीवाला बठ्ठा असंच सांगतस!" म्हातारा ऐकेना. त्यानं हात जोडले. "मन्हा वावरमाईन नका काढा. ते देखा, शेजारे वनजीआप्पानं वावर शे. मोठं शे. त्यामाईन काढा ना!"

आम्ही परतीच्या रस्त्यात हे आठवून पोट धरधरून हसलो. रेखा गेल्यावर आबा हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "वनजीआप्पाले सांगाले पाह्यजे," म्हणत होते.

पुढच्या श्रावणात गेलो तर बाभूळ नव्हती. वेल नव्हता. मुरूम टाकलेला, रोलर उभा, दोन्ही बाजूला खांब. खरोखरचा रस्ता आला होता आणि तो बरोबर म्हाताऱ्याच्या वावरातून गेला होता. म्हातारा उरलेल्या बांधावर बसला होता. त्यानं आम्हाला ओळखलं. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसता म्हणाला, "तुम्हीच मोजी गयथात ना?"

आम्ही पंधरा-वीस मिनिटं मुरमात काही अंकुर दिसतोय का ते शोधलं आणि परत आलो. त्या दिवशी आबांनी बरणी लळिंगलाच ठेवली.

*

मग सर रिटायर झाले. जागा भरली गेली नाही. मी तासिकेवर होते तशीच राहिले. लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात गेले आणि सकाळच्या बसनं धुळं, संध्याकाळच्या बसनं जळगाव सुरू झालं. मुलं कमी होत गेली. वनस्पतीशास्त्र घेऊन काय करणार, हा प्रश्न पालक मला विचारायचे, आणि माझा पगार मला ठाऊक असल्यामुळे मी खिडकीबाहेर बघायची.

सर तरीही आठवड्यातून दोनदा यायचे. काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसरा चालला होता. आबाही रिटायर झाले होते, पण तेही यायचे. घरी बसून करमत नाही म्हणायचे.

एकदा एका मुलानं मोबाईल आणला. झाडाचा फोटो काढला की दोन सेकंदांत नाव! त्यानं आवारातली पाच-सहा झाडं पटापट ओळखून दाखवली. सर कौतुकानं ऐकत होते, खरंच कौतुकानं. मग म्हणाले, "टाकीमागच्या झाडाचा काढ."

मोबाईलनं दोन सेकंदांत नाव दिलं. मुलानं पुन्हा काढला. दुसरं नाव. तिसऱ्यांदा काढला. तिसरं!

"तो 'माहीत नाही' म्हणत नाही का?" सरांनी विचारलं.

"नाही सर, तो काहीतरी सांगतोच."

जाता जाता त्या पोरानं गंमत म्हणून बाकावर बसलेल्या सरांवरच मोबाईल धरला. उत्तर आलं, बाभूळ!

आबा जागेवरून म्हणाले, "काटा तं बराबर ओळखना."

*

गेल्या वर्षी विभाग बंद करायचं ठरलं. दुःख झालं असं म्हणायचीसुद्धा पंचाईत, कारण शेवटच्या वर्गात चारच मुली होत्या आणि त्यातल्या दोघींना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता म्हणून त्या आमच्याकडे होत्या. हर्बेरियमचं काय करायचं? संस्थेचं पत्र आलं. ज्या शीटवर पूर्ण नाव आहे त्या विद्यापीठात जातील, तिथं कपाटं आहेत, थंड खोली आहे, रजिस्टर आहे. ज्यांच्यावर नाव नाही त्या रद्दीत. मुदत मे अखेर. सोबत कॉम्प्युटरवर भरायचा एक तक्ता, त्यात शास्त्रीय नावाच्या दोन शब्दांचे दोन रकाने. एक जरी रिकामा राहिला तरी ओळ लाल व्हायची आणि पुढं जायची नाही. मी फोन करून विचारलं, अर्धं नाव चालेल का? 'मॅडम, सिस्टीम घेत नाही.'

बिननावाचा एक गठ्ठा निघाला, साठ-पासष्ट शीटचा. सर, आबा आणि मी रोज बसायला लागलो. सरांना आता दिसत नव्हतं. मी किल्ली वाचायची, ते पान बोटानं चाचपायचे आणि उत्तर द्यायचे. नाव सापडलं की आबा चिठ्ठी चिकटवायचे. कितीतरी नावं सापडली. पण जिथं फूल नव्हतं, फळ नव्हतं, तिथं सर थांबायचे.

"रद्दी."

"सर, काहीतरी लिहूया ना? कोण बघणारे?"

"रद्दी."

त्या रद्दीत सरांनी स्वतः तोरणमाळहून आणलेल्या शीट होत्या. तरुणपणी दोन दिवस पायी फिरून गोळा केलेल्या. टाकीमागच्या झाडाची फांदीही होती. सरांनी एकेक हातानं चाचपली आणि डावीकडच्या ढिगावर ठेवली. मला सरांचा राग आला, खोटं कशाला सांगू? एवढ्या मोठ्या जगात एक खोटं नाव कुणाला टोचणार होतं? पण त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

रेखाची शीट मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत राहिले. आबा ते बघत होते. एका दुपारी सर हात धुवायला गेले तेव्हा मी आबांना म्हटलं, "आबा, ही तुम्ही घरी घेऊन जा. मी कुणाला सांगणार नाही."

आबांनी मान हलवली. "घरमा तिना फोटू शे," ते म्हणाले. मग शीटवर बोट ठेवलं. "आठे तिनं काम शे."

सर दारातच उभे होते. किती ऐकलं कोण जाणे.

*

मुदतीचा शेवटचा दिवस. पंखा गरम हवा फिरवत होता. टेबलावर एकच शीट उरली होती. संस्थेचा माणूस बाहेर टेंपो लावून बसला होता, उजवा ढीग विद्यापीठाला, डावा ढीग रद्दीला. आबा कपाटाशी उगाचच काहीतरी आवरत होते.

"कोणाची राहिली?" सरांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं.

"रेखाची, सर."

"वाच. एक नंबरपासून."

मी वाचायला लागले. वेल? वेल. काटे? नाहीत. पान? साधं. सरांनी वाळकं पान उलटं करून अंगठ्यानं हलकेच चोळलं. लव आहे. पुढं. एकेक नंबर करत आम्ही त्याच जुन्या वाटेनं गेलो आणि एकोणचाळीसला मी थांबले. पुस्तकात बोट घालून ते मिटलं. आबांची आवराआवर थांबली होती.

"थांबलीस का?"

"एकोणचाळीस आलं, सर."

"मग वाच ना."

"फूल पांढरं, लांब देठाचं. किंवा फूल पिवळसर, देठ नाही."

सरांनी शीटवरून हात फिरवला. फांदीवरून, मग खालच्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीवर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. शाई बोटाला काय कळणार? मग त्यांनी हात मागं घेतला.

"पांढरं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पांढरं. देठ लांब. बोटाच्या पेराएवढा. लिही."

तीस वर्षं ऐकलेलं ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं. फूल कुठंय? दाखव. मी आबांकडे बघितलं. ते डिंकाची बाटली घट्ट धरून टेबलापाशी येऊन उभे होते.

मी नव्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. पूर्ण नाव, दोन्ही शब्द. सरांचा हात धरून ओळीवर टेकवला, त्यांनी सही केली, वाकडी, पण पूर्ण. आबांनी चिठ्ठीला डिंक लावला आणि रेखाचं अक्षर झाकलं जाणार नाही अशा बेतानं बाजूला बसवली. तळहातानं दाबून धरली. मी तक्ता भरला. ओळ लाल झाली नाही.

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. आबा तळहात उचलत नव्हते. ते शीटकडे नाही, सरांच्या तोंडाकडे बघत होते, पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून.

"सर," मी विचारलं, "वास?"

किल्लीत वासाचा प्रश्न नाही.

सरांनी तोंड आबांच्या बाजूला वळवलं.

"आहे," ते म्हणाले. "सकाळी जास्त."